पंगतीतलं अ‍ॅस्पार्टिक आम्ल

'विस्मरणावर मानवाने अखेर विजय मिळवला आहे.'

मिरजेच्या राष्ट्रीय स्मृतिरोपण केंद्राच्या दारात हे वाक्य काळ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. खाली उद्घाटनाची तारीख होती, तिच्याखाली मंत्र्यांचं नाव होतं आणि त्याच्याही खाली एक टेबल होतं. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'येथे विसरून गेलेल्या वस्तू'. पाटीमागे तेरा छत्र्या, एक जेवणाचा डबा आणि एक कवळी.

मायरा पेंढारकर यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. कवळीकडे एकदा पाहिलं. मग सुजलेल्या डाव्या गालावर रुमाल दाबून त्या आत शिरल्या.

त्यांचं वय चौऱ्याहत्तर. त्या काळी आज्यांची नावं मायरा, कियारा, अनाया अशीच असायची. यमुना आणि गोदावरी या नावांच्या मुली अजून बालवाडीत होत्या. मायराबाईंनी एकतीस वर्षं कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजण्याची नोकरी केली होती. पाणी जेवढं असेल तेवढंच लिहायचं, मग पाहणीला कुणीही येवो, हा त्यांचा एकमेव धर्म. एकदा एका साहेबांनी "अर्धा फूट कमी दाखवा, लोक घाबरतात," असं सुचवलं, तेव्हा "तुम्ही नदीला सांगा, मी लिहायला बसलेच आहे," असं म्हणून त्यांनी साहेबांपुढे पेन धरलं होतं.

आता आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचीच चुकीची नोंद केली होती. तीही तीन लाख चाळीस हजार ठिकाणी.

चौकशीच्या खिडकीत एक दाढीवाला तरुण डॉक्टर बसला होता. त्याने मान वर केली, मायराबाईंना पाहिलं, आणि चिंच चावल्यासारखे त्याचे डोळे मिटले. तो खुर्चीसकट दोन इंच मागे सरकला.

"वन्सं!" तो म्हणाला.

"मी तुमची वन्सं नाही," मायराबाई म्हणाल्या. "नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणतात. माझा भाऊ तुमचा नवरा होता का?"

दाढीवाला लाजला. अगदी मनापासून, कानाच्या पाळीपर्यंत. "अर्णवराव ना..." एवढंच पुटपुटून त्याने टेबलाकडे पाहिलं आणि बोटाने त्यावर एक गोल काढला.

मायराबाईंनी सुस्कारा सोडला. हे गेली कित्येक वर्षं चाललं होतं. गेल्या महिन्यात चार दंतवैद्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं होतं आणि चौघांनीही त्यांच्या तोंडात हात घालायला नकार दिला होता. पहिल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. दुसरीने आरसा खाली ठेवला आणि "तुमच्यावर ऋण भार आहे, मला शॉक बसेल असं वाटतं," असं रडवेल्या आवाजात सांगितलं. तिसरा म्हणाला, तुम्ही नको म्हणाल याची भीती वाटते. चौथ्याने तर नुसतंच "अ‍ॅस्पार्टिक," असं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. दाढ मात्र ठणकतच होती. तिने कुठलंही रोपण करून घेतलेलं नव्हतं.

केंद्राचे संचालक डॉ. निहार कुंभोजकर यांनी मायराबाईंना आत बोलावलं. तेही अर्धवट उभे राहिले, अर्धवट मागे झाले, पण त्यांनी स्वतःला सावरलं. चाळिशीचा हुशार माणूस. बोलताना त्यांची नजर सतत मायराबाईंच्या उजव्या मनगटाकडे जात होती.

"एकच बांगडी," ते नकळत म्हणाले.

"हो. आणि ती माझी आहे," मायराबाई म्हणाल्या. "डॉक्टर, मी साधी गोष्ट विचारायला आले आहे. माझ्या वहिनीच्या लग्नातली पंगत देशातल्या सगळ्या डॉक्टरांच्या डोक्यात कशाला घातलीत?"

"वन्सं, म्हणजे बाई, तुम्ही बसा. मी पहिल्यापासून सांगतो."

ते पहिल्यापासून असं होतं.

त्या काळी औषधं दुकानात मिळत नसत. प्रत्येक रोग्याच्या शरीराला बेतून एकेक प्रथिन त्याच्या उशाशीच विणलं जाई. विणायचं काम यंत्र करी. पण यंत्रांनी पूर्वी मोठ्या आत्मविश्वासाने काही घोडचुका केल्या होत्या. म्हणून असा कायदा झाला होता की यंत्राने विणलेली साखळी डॉक्टरने स्वतःच्या डोक्याने तपासल्याशिवाय टोचायची नाही. प्रथिनाची साखळी वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनते. तेव्हा ती वीस आम्लं डॉक्टरला झोपेतून उठवलं तरी आठवली पाहिजेत.

आणि पाठांतर तर कुणालाच येत नव्हतं. दोन पिढ्यांनी काहीही पाठ केलेलं नव्हतं.

"म्हणून आम्ही स्मृतिकलम काढलं," निहार म्हणाले. "हापूसची फांदी रायवळ आंब्यावर बांधतात, तसंच. एका माणसाच्या डोक्यातली पक्की आठवण टिपायची आणि टोपीतून दुसऱ्याच्या डोक्यावर बांधायची. चाळीस मिनिटांत जीव धरते."

"म्हणजे सगळ्या देशाला टोपी घातलीत."

"तसं म्हणतात लोक," निहार कसनुसं हसले. "पण आम्हाला एक गोष्ट उशिरा कळली. पुस्तकातली माहिती कलम होत नाही. कोरडी काडी मातीत खोचावी तशी ती वाळून जाते. जी आठवण एखाद्याच्या डोक्यात खरोखर जगली आहे, वासासकट, आवाजासकट, रागालोभासकट, तीच दुसरीकडे रुजते. अशा मूळ आठवणीला आम्ही मातृस्मृती म्हणतो. आम्ही देशभर शोध घेतला. वीस आम्लं डोक्यात जिवंत असलेली एकच व्यक्ती सापडली. प्राध्यापिका इरा पेंढारकर."

"इरावहिनी."

"त्या जीवरसायनाच्या पेपरात दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी परीक्षा लग्नानंतर अकरा दिवसांनी होती. पुस्तक मांडवात नेता येईना. मग पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या वीस पाहुण्यांवर वीस आम्लं टांगली."

मायराबाईंना ती पंगत लख्ख आठवत होती. नवी नवरी शालू नेसून पाटावर बसली होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. सगळ्यांना वाटलं, उखाणा घोकतेय. आग्रह झाला तेव्हा तिने घेतलाही होता:

"पाटाभोवती रांगोळी, समईची मंद वात,
अर्णवरावांचं नाव घेते, पेपर अकरा दिवसांत!"

मांडव हसला होता. तो उखाणा नव्हता, वेळापत्रक होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या पेपरात वहिनी पहिल्या आल्या.

"युक्ती अशी," निहार सांगू लागले, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला, कारण ती आठवण त्यांचीही होती. "अमिनो आम्लांचं धड सगळ्यांचं सारखंच. डावा खांदा शेजाऱ्याला, उजवा खांदा शेजाऱ्याला, आणि खांद्याला खांदा लावून रांग. ती रांग म्हणजेच प्रथिन. म्हणजे पंगतच की! फरक फक्त ताटाकडे पुढे केलेल्या हाताचा. ग्लायसीनला हात नाहीच, नुसता एक हायड्रोजन. ते टक्कल पडलेले बापूकाका, डोक्यावर एक केस. प्रोलीनचा हात वळून स्वतःच्याच धडाला बांधलेला असतो, तो बसेल तिथे साखळी वाकते. ते भटजी, स्वतःच्या उपरण्यात अडकलेले, त्यांच्यामुळे सगळी रांग तिरकी बसली होती. सिस्टीन म्हणजे ती थोरली जाऊ, कुठेही बसवा, पंगतीवरून हात लांबवून वाढायला उभ्या असलेल्या धाकटीचा हात धरणार."

"आणि मी?"

निहारांनी पुन्हा बांगडीकडे पाहिलं.

"एक बांगडी म्हणजे एक कार्बन. त्यापुढे मूठ, दुसरा कार्बन. मुठीत कढीच्या दोन वाट्या, दोन ऑक्सिजन. आंबट. चेहरा... तसाच. आणि वाढपी जे आणेल त्याला मान हलवून नकार. शरीरात या आम्लावर कायम ऋण भार असतो. वन्सं, खरं सांगतो, अ‍ॅस्पार्टिक आम्ल तुमच्याइतकं कुणालाच शोभलं नसतं."

मायराबाईंनी गालावरचा रुमाल काढला.

"आता माझी नोंद घ्या," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आदल्या दिवशी माझी उजवीकडची अक्कलदाढ काढली होती. तोंड उघडलं असतं तर रक्त आलं असतं. आई म्हणाली, फोटो बिघडतील, तोंड मिटून बस. मी मिटून बसले. चावता येत नव्हतं म्हणून कढी पीत होते. एका वाटीने पोट भरेना म्हणून दोन. जिलबी आली तेव्हा मला ती इतकी हवी होती की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी मान हलवली. एवढंच. मी रुसले नव्हते!"

"मग तेव्हा कुणी विचारलं कसं नाही?"

"मी करवली होते हो! नवऱ्या मुलाची बहीण. करवली रुसायचीच. ती रुसली नाही तर लोकांना लग्न लागल्याचाच संशय येतो. मला रुसलेली पाहून सगळे निर्धास्त झाले. साडी हलकी निघाली म्हणून, विडा आधी दुसरीला दिला म्हणून, अशी कारणंही त्यांनीच शोधली आणि त्यांनीच मिटवली. माझी समजूत घालायला चौघी आल्या. मला बोलता येत नव्हतं."

निहारांनी कपाटातून एक वही काढली. "इराबाईंनी कलमाच्या वेळी टिपणं दिली होती. तुम्हाला दाखवावीत की नाही, मला कळत नव्हतं."

वहिनींचं टपोरं अक्षर होतं. 'वन्सं त्या दिवसाचं काही सांगू लागल्या की मी विषय बदलते. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे हे उघड आहे. पण ते ऐकून मला त्यांची दया आली तर? वन्संना न्याय दिला की आम्लावर अन्याय होईल.'

मायराबाईंना आठवलं. पन्नास वर्षं त्या म्हणत आल्या होत्या, "वहिनी, तुमच्या लग्नात ना माझी—" आणि पन्नास वर्षं वहिनी म्हणत आल्या होत्या, "अगबाई, दूध उतू गेलं वाटतं!" त्या घरातलं दूध इतकं उतू कसं जातं, याचं मायराबाईंना नेहमी नवल वाटे.

तशा दोघी एकमेकींना धरून होत्या. वहिनींच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी मायराबाईच होत्या. तेव्हाही त्यांनी विषय काढला होता. बोलता न येणाऱ्या वहिनींनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. औषधाचा त्रास असेल, असं तेव्हा मायराबाईंना वाटलं होतं.

"दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नदीची पातळी सांगावी तसा होता. "चेहराहक्काचा कायदा मी वाचून आले आहे. कुणाच्याही डोक्यात माझा चेहरा असेल तर तो खरा असला पाहिजे. मी आंबट नाही. तीन लाख चाळीस हजार ठिकाणी दुरुस्त करा."

"बाई, खुंटी काढली की सदरा खाली पडतो."

"मग आपापल्या घरातल्या खुंट्या वापरा! प्रत्येक घरात एखादं आंबट माणूस असतंच. माझ्यावरच सगळ्या देशाने कपडे का वाळत घालायचे?"

"कायद्याने तुम्हाला नाही म्हणता येणार नाही," निहार म्हणाले. "पण सही करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा. एका मुलीवर करून पाहू. मग तुम्ही ठरवा."

ओवी सुतार डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. लांब वेणी, नखांना शाई. तिने आपणहून नाव दिलं होतं. मायराबाईंना पाहताच तीही खुर्चीत आक्रसली, पण लगेच हसली आणि वाकून नमस्कार केला. "वन्सं, तुम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं! आमच्या वर्गात कुणालाच खरं वाटणार नाही."

निहारांनी तिच्याकडून आधी आम्लं काढून घेतली. तिने विसाच्या वीस बरोबर काढली. अ‍ॅस्पार्टिकच्या दोन ऑक्सिजनांवर तिने ऋण चिन्ह इतकं दाबून काढलं की कागद फाटला.

"आठवण म्हणजे बांगडीतल्या लाखेसारखी असते," टोपी बसवताना निहारांनी मायराबाईंना समजावलं. "एरवी घट्ट. पण माणूस ती आठवू लागला की तेवढ्यापुरती मऊ होते. त्या वेळी तिला जे चिकटेल ते तिच्यातच थिजतं. ओवी पंगत आठवेल. मी खूण केली की तुम्ही खरं काय ते सांगा."

ओवीने डोळे मिटले. "मुंडावळ्या टोचतायत," ती पुटपुटली. "अर्णवराव मठ्ठा मागतायत." तिच्या गालांवर लाली आली. मग तिचा चेहरा आंबट झाला. निहारांनी खूण केली.

आणि मायरा पेंढारकर बोलल्या. बावन्न वर्षं उतू गेलेलं दूध त्यांनी दहा मिनिटांत मांडलं. दाढ, रक्त, फोटो, आई, कढी. आणि जिलबी. केशराचा रंग असलेली, पाकाचा थेंब टोकाशी थांबलेली, नाकासमोरून पुढे गेलेली जिलबी.

ओवीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "किती दुखत असेल हो, वन्सं!" ती म्हणाली. "आणि आम्ही सगळे... थांबा, घ्या ना. एक तरी घ्या." आणि तिने हवेत हात पुढे करून, कुणालाही न दिसणारी जिलबी बावन्न वर्षांपूर्वीच्या ताटात वाढली.

मायराबाईंनी रुमाल गालावरून डोळ्यांकडे नेला. एवढंच तर हवं होतं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

लाख थिजायला तासभर लागतो. तेवढ्यात मायराबाईंनी चहात बिस्किट बुडवून उजव्या बाजूने खाल्लं आणि सहीसाठी पेन काढून ठेवलं.

तासाने निहारांनी ओवीपुढे कागद ठेवला. तिने भराभर आम्लं काढली. बापूकाका, भटजी, थोरली जाऊ. मग एका जागी ती अडली, थोडी विचारात पडली आणि तिने हात काढला: एक बांगडी, मूठ, मुठीत एक वाटी आणि दुसऱ्या वाटीच्या जागी नायट्रोजन.

"हे कोण?" निहारांनी विचारलं.

"अ‍ॅस्पॅराजीन. एक वाटी आणि एक जिलबी. रिद्धी, ती हसरी मावसबहीण. भार शून्य, स्वभाव गोड."

"बरोबर. आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल?"

ओवीने पुन्हा तेच काढलं. निहारांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच काढलं, आणि मग गोंधळून म्हणाली, "सर, ही तर रिद्धीच झाली. दोघी सारख्याच दिसतात."

"पंगतीत पाहुणे किती?"

तिने डोळे मिटून मोजले. "एकोणीस. एक पाट रिकामा आहे. कुणी यायचं राहिलं होतं का?"

मायराबाई पुढे झाल्या. "बाळ, मला ओळखलंस?"

ओवीने त्यांच्याकडे पाहिलं. ती दचकली नाही, आक्रसली नाही, तिच्या तोंडाला पाणी सुटलं नाही. अनोळखी म्हातारीकडे चांगल्या घरची मुलगी पाहते तसं तिने अगदी सभ्यपणे पाहिलं. "नमस्कार आजी," ती म्हणाली. "तुम्ही कुणाबरोबर आलात?"

मायराबाईंची दाढ तेवढी ठणकत होती.

"तुम्ही जिंकलात," निहार हळूच म्हणाले. "ती आता तुमच्याबद्दल काही वाईट धरणार नाही. काहीच धरणार नाही. आंबटपणा गेल्यावर तुम्हाला रिद्धीपासून वेगळं ओळखायला तिच्याकडे खूणच उरली नाही. सही करा, उद्यापासून सगळ्यांना पुन्हा टोप्या चढवायला घेतो. एका अणूचा फरक आहे, तो डॉक्टरांना दिसणार नाही. कुठे औषधाऐवजी पाणी टोचलं जाईल, कुठे पाण्यापेक्षा वाईट. नवी मातृस्मृती सापडेपर्यंत."

"सापडेपर्यंत त्यांनी आपापले नातेवाईक टांगावेत. एका दुपारचं काम आहे. मी शिकवते. ए ओवी, तुझी आत्या कशी आहे गं?"

"आत्या?" ओवी म्हणाली. "मला आत्या नाहीत, आजी."

"मावशी? काकू? मामा?"

ओवीने मान हलवली. "माझ्या आईला भावंडं नव्हती. बाबांनाही नव्हती. आजी-आजोबांनाही."

"मग लग्नाकार्याला कुणाकडे जातेस?"

"मी एकाच लग्नाला गेलेय," ओवी म्हणाली. "इराबाईंच्या."

निहार खिडकीबाहेर पाहत होते. "माझंही तेच आहे," ते म्हणाले. "आमच्या पिढीला वीसच नातेवाईक आहेत, वन्सं. सुट्टीच्या दिवशी कंटाळा आला की मी बापूकाकांचा तो एक केस आठवायचो. आई गेली तेव्हा शेजारचे येऊन गेले, आणि मग मी दार लावून डोळे मिटून पंगतीत जाऊन बसलो. तुम्ही मला जिलबी नको म्हणालात. फार बरं वाटलं." ते वळले. "विसातले एकोणीस गेले. तुम्ही एकट्याच राहिलात."

मायराबाईंनी काढून ठेवलेलं पेन उचललं. त्यांना वहिनींचा भयंकर राग आला. मग कानांवर ठेवलेले ते दोन हात आठवले, आणि राग आणखी वाढला. पण आता तो कुठे ठेवायचा, हे त्यांना कळलं होतं.

त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं आणि खटकन पर्स बंद केली.

"टोपी घाला तिला."

"बाई, तुमच्यावर कसलीच जबरदस्ती—"

"माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचाय. तेव्हा मी आंबट नव्हते आणि तुम्ही सगळ्यांनी मला आंबट ठरवलंत. आता मी होणार आहे. माझ्या मर्जीने. घाला टोपी!"

ओवीने डोळे मिटले. मुंडावळ्या टोचल्या, अर्णवरावांनी मठ्ठा मागितला. रिकाम्या पाटाशी येताच ती थबकली. निहारांनी खूण केली.

मायराबाईंनी चहाच्या दोन रिकाम्या कपांचे कान एकाच मुठीत धरले. उजवा हात ताठ पुढे केला. बांगडी मनगटावर घसरली. पातळी मोजताना कधी केली नव्हती ती लबाडी त्यांनी आता मनापासून केली: भिवया खाली, ओठ दुमडलेले, हनुवटी वर. बावन्न वर्षांत दाबलेलं सगळं त्यांनी चेहऱ्यावर आणलं. आईचा 'फोटो बिघडतील', समजूत घालायला आलेल्या चौघी, उतू गेलेलं दूध, चार दंतवैद्य.

"नको म्हटलं ना!" त्या कडाडल्या. "एकदा सांगितलं की कळत नाही? उचल ती जिलबी माझ्या पानातून! आणि साडी कसली दिलीत ही, पोतेरं? विडा आधी तिला देता? मी करवली आहे, करवली! जाते मी इथून! नाही, नाही, आणि नाही!"

बाहेर चौकशीच्या खिडकीत काहीतरी पडून फुटलं. निहार भिंतीला टेकले होते आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"वन्सं!" ओवी किंचाळली. तिने डोळे उघडले, मायराबाईंना पाहिलं, आणि तिचा चेहरा आधी चिंच चावल्यासारखा झाला आणि मग हरवलेलं माणूस स्टेशनवर सापडावं तसा. तिने कागद ओढला. एक बांगडी, मूठ, दोन वाट्या. ऋण चिन्ह काढताना कागद फाटला.

"वीस," ती हसत रडत म्हणाली. "वीसच्या वीस. कुठे गेला होतात तुम्ही?"

मायराबाईंनी कप खाली ठेवले. त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं की, हे लग्नातच करायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

"लिहून घ्या, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "चेहरा: आंबट. कारण: स्वतःची इच्छा. आणि वरच्या कुणालाही सांगा, यात अर्ध्या इंचाचाही फेरफार केलात तर गाठ माझ्याशी आहे. मी मेले तरी."

निहारांनी तंतोतंत लिहून घेतलं. मायराबाईंनी वाचून पाहिलं आणि झोकात सही ठोकली.

त्या बाहेर आल्या तेव्हा आवाज ऐकून केंद्रातले सगळे डॉक्टर दर्शनी दालनात जमले होते. साठेक जण. मायराबाई दिसताच साठही जण उभे राहिले आणि एक पाऊल मागे सरकले. कुणीतरी पुटपुटलं, "वन्सं निघाल्या." दाढीवाल्याने तर पदर सावरल्यासारखा हात केला. त्या साठांमधून मायरा पेंढारकर ताठ मानेने चालत गेल्या, संगमरवरी विजयापाशी पोचल्या, कवळीसमोर थांबल्या. मग वळल्या आणि गालावर पुन्हा रुमाल दाबला.

"तुमच्यात दातांचं कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. "ही डावी दाढ तेवढी काढून द्या ना. डोळे मिटून काढलीत तरी चालेल."